आत काय असते?

डॉक्टरीणबाईंनी वॉर्डाबाहेर बोलावून बायको गेल्याचं सांगितलं, तो दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. मारोतरावांच्या मनात पहिल्यांदा आली ती जीपमधली खिडकीजवळची जागा. दर बाजारी ती जागा ते कांताबाईसाठी धरत.

त्यानंतरच्या तिसऱ्या बाजाराला ते एकटेच आले. तेल-मीठ घेतलं. परतीच्या जीपमध्ये खिडकीजवळ पिशवी ठेवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण जागा धरली. जीप भरायला वेळ होता. समोर बार होता, दाराला जाड हिरवा पडदा.

जीप भरेपर्यंत कांताबाई त्या पडद्याकडे पाहत बसायची. "आत काय असते हो? मले वाट्टे, आरसा असन. घरी जायच्या आधी मानूस आपलं तोंड पाह्यत असन."

"दारू प्याले आरसा कायले लागते?" मारोतराव म्हणायचे. "एखाद्या दिवशी पाहून येतो न सांगतो तुले."

ते पीत नसत, त्यामुळे जाणं कधी झालं नाही.

डोक्याचा रुमाल घट्ट करून त्यांनी रस्ता ओलांडला आणि पडदा बाजूला सारला.

सगळी टेबलं भरलेली. कोपऱ्यातल्या दोघांनी त्यांना घुटमळताना पाहिलं. "या काका, बसा. उभ्यानं चढत नाही." बोलणारा लालसिंग, ट्रॅक्टर चालवायचा. दुसरा पियुष, बियाण्यांच्या दुकानात कामाला. आपली नावं त्यांनीच सांगितली. मारोतरावांनी थंडा मागवला आणि एकेक वस्तू पाहायला लागले. पंखे, टीव्हीवरची मॅच, फळीवरच्या बाटल्या.

"काका, तुमी एक्साईजवाले तं नाही ना?" लालसिंग म्हणाला. "बाटल्या मोजून राह्यले!"

"नाही बापा. घरी सांगा लागते, आत काय असते थे."

दोघं टेबलावर हात आपटून हसले. "म्हंजे काकूनं पाठोलं! मंग नीट पाहा. काही सुटलं तं वापस पाठोतीन."

"काउंटर पाह्यलं?" पियुष बोट दाखवत म्हणाला. "तिकडं किचन. न काकूले सांगजा, थंडाच पेला म्हून. आमी गवाही देतो."

लालसिंगनं बशीतले फुटाणे कागदात बांधले आणि पुडी त्यांच्या खिशात कोंबली. "हे काकूसाठी. दारव्ह्याच्या लालसिंगनं देल्ले म्हना."

मारोतरावांनी खिशावर हात ठेवला. "इथं आरसा हाय का?"

"हाय ना. मागं, बेसिनपाशी. चाला, दाखोतो."

पियुष त्यांना घेऊन गेला. आरसा लहानच होता, एका कोपऱ्याला तडकलेला. मारोतरावांनी तोंड धुतलं आणि पुसायला डोक्याचा रुमाल सोडला. कांताबाई गेल्यापासून त्यांनी स्वतःला पाहिलं नव्हतं. दहाव्याला काढलेले केस तांदळाएवढे उगवले होते, पांढरे. मिशीच्या जागी नुसते खुंट.

मागं उभ्या पियुषचं हसणं आरशातच थांबलं.

"काका... काकू?"

"आरसा असन म्हने थे," मारोतराव म्हणाले. "मीच नाही म्हनो."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. खिडकीजवळ पिशवी तशीच होती. ते तिच्या शेजारी बसले. जीप निघाली. पडदा मागं गेला.

आरसा होता. कांताबाईला सांगायचं राहिलं.