चार बोटांचा फरक

"मॅडम, मॅक्रो लेन्स साठ एमएमचीच घ्या. जवळ गेल्याशिवाय मजा नाही." दुकानदार पावसकरांनी न विचारताच छोटी लेन्स काउंटरवर ठेवली.

"शंभरची काढा. ती लांबूनही तेवढंच मोठं टिपते." वृंदाचा उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता.

"ती जड पडते हो. बायकामाणसांना झेपायची नाही. आणि फुलपाखरं थोडीच चावतात?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

दोन वर्षांपूर्वी याच काउंटरवर, फुरशाचे फोटो काढायचेत म्हणून सांगितलं तरी पावसकरांनी साठचीच तिच्या गळ्यात मारली होती. आता त्यांना तिचा चेहराही आठवत नव्हता. तिला मात्र कातळाच्या सड्यावरचा तो दगड, त्याला बिलगून बसलेलं फुरसं आणि लेन्स जवळ नेताच त्या विषारी सापाने घेतलेली झेप रोज आठवत होती.

"शंभरची," ती पुन्हा म्हणाली.

पावसकर तडकले. "अहो, दोन्हींच्या अंतरात फरक पडून पडून पडतो कितीचा? चार बोटांचा!"

वृंदाने ओढणी सोडली आणि उजवा हात काचेवर पसरला. तर्जनीच्या जागी नुसताच व्रण होता.

"एका बोटाचा," ती म्हणाली.