गाडीतली लांडोर

बसप्पाच्या बैलगाडीत लांडोर अंडी घालून खुडूक बसली. "अंड्यावरच्या पाखराला उठवलं तर उठवणाऱ्याला पाप लागतंय," म्हणत रुद्रम्मानं नवऱ्याला गाडी जुंपू दिली नाही. बसप्पा करवादत शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहू लागला.

अशात तहसीलचा चपराशी दारात आला. निजामाचं राज्य, दौऱ्यावरच्या साहेबांचं सामान वाहायला वेठबिगारीत गाडी पाहिजे होती.

"न्या की," रुद्रम्मा म्हणाली, "लांडोर तेवढी तुमच्या हातानं उठवा."

चपराशानं गाडीत डोकावलं, कानाला हात लावला आणि शेजारच्या उत्तरेश्वराची गाडी नेली.

 

पुढच्या दौऱ्याला तो आला, तेव्हा गावातल्या एकूण एक गाडीत कोंबडी खुडूक बसली होती. कोंबडीला अंगणातही पाय ठेवू न देणाऱ्या जंगमस्वामींच्या गाडीतसुद्धा!