दादा सांगेपर्यंत

खिशात दमडी नव्हती, म्हणूनच मजा होती. चार मित्रांच्या चार भयकथा जोडून एक फिल्म करायची होती. आमच्या वाट्याच्या कथेत घर आमचंच, चादर घरचीच आणि सोफ्यावरचं प्रेत म्हणजे आमची आई. दादा दिग्दर्शक, आवाजाचं काम माझ्याकडे.

"मी सांगेपर्यंत उठायचं नाही हं," दादा दर वेळी बजावायचा.

तरी चादरीखालून यायचंच, "अरे, झालं का? उठू का?"

"आई, प्रेतं बोलत नाहीत!"

"मग प्रेताला चहा तरी द्या रे."

कापाकापी आणि जुळवाजुळव करण्यातच वर्ष गेलं. फिल्म पुरी व्हायच्या आत आई गेली. तिला एकदा स्वतःला पडद्यावर बघायचं होतं, ते राहूनच गेलं.

आज दुपारी आम्ही दोघं पुन्हा तिची दृश्यं लावून बसलो. तिचं बोलणं मी मागेच काढून टाकलं होतं. तरी हेडफोनमध्ये ती पुटपुटली, "उठू का?"

मी तो तुकडा पुसला. पुढच्या दृश्यात पुन्हा तेच, फक्त आवाज थकलेला. ते दृश्य घेतलं त्या दिवशी तर तिची पाठ धरली होती, म्हणून चादरीखाली आम्ही नुसत्या उशा ठेवल्या होत्या.

मी हेडफोन दादाच्या कानाला लावला. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले.

"झालं गं आई," तो हळूच म्हणाला. "ऊठ आता."

बाहेरच्या खोलीत सोफ्याची स्प्रिंग करकरली.