एकतर्फी तार

सन १९४७. ज्यूंच्या नव्या देशासाठी लंडनमध्ये खटपट करणाऱ्या डॉ. झामलरांच्या हॉटेलच्या खोलीत ब्रिटिश हेरखात्याने चोरून मायक्रोफोन बसवला होता. शेजारच्या इमारतीत बसून लिओनी ते बोलणं ऐके आणि जर्मनचं इंग्रजी करून उतरवून देई. ती स्वतः ज्यू, नाझींच्या तावडीतून व्हिएन्नाहून एकटीच निसटून आलेली.

त्या दुपारी झामलर परगावी होते, खोलीला कुलूप होतं. तरीही हेडफोनमधून हाक आली, "लिओनी, जेवलीस का गं?"

आवाज आईचा होता. आई व्हिएन्नातच राहिली होती. पाच वर्षांत तिचं एक पत्र नव्हतं.

लिओनीने हेडफोनची एक बाजू शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वरिष्ठांच्या, हार्टनलसाहेबांच्या, कानाला लावली. साहेबांना जर्मन येत नव्हतं.

"कोण बाई आहे ही? काय म्हणते?"

"विचारतेय, माझ्याशेजारी कोण उभं आहे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मायक्रोफोनची तार एकतर्फी होती. इथलं तिकडे ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी लिओनीचा खांदा घट्ट धरला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"बोलू देत नाही का गं तो तुला?" आई म्हणाली.