केकचा तुकडा

"काकडीसारखा..." बेव्हने सुरुवात करून दिली.

"थंड," क्लॅरी म्हणाला.

"पोटातलं गुपित फोडलं, म्हणजे सांडले..."

"बीन्स."

बेव्हने वहीत टिपून घेतलं. ती वाचा-उपचार करणारी. क्लॅरीला पक्षाघात होऊन अकरा आठवडे झाले होते. खाण्यापिण्याचे असे ठरलेले इंग्रजी वाक्प्रचार त्याच्या तोंडून आपसूक येत. स्वतःचं म्हणून एक वाक्य मात्र जुळत नव्हतं. काहीही विचारा, उत्तर एकच: "केकचा तुकडा." म्हणजे सोपं आहे, डाव्या हातचा मळ.

"खांदा दुखतोय का रे?" बायको मर्ल विचारायची.

"केकचा तुकडा."

क्लॅरी ट्रेगेन्झाने वालारू गावच्या मेंढीबाजारात चाळीस वर्षं लिलाव पुकारले होते. घरीही तोच सपाटा. जेवताना मर्लला मीठ मागायलाही फट सापडत नसे.

आता ती रोज दुपारी विणकाम घेऊन इस्पितळात त्याच्या खाटेशी बसे. पहिले काही आठवडे गप्पच होती. मग शांतता सोसेना, म्हणून बोलू लागली. टोमॅटोवरची कीड, शेजारणीचा खडूसपणा, असं काहीबाही. एके दिवशी मात्र सुया न थांबवता म्हणाली, "आपलं बाळ गेलं तेव्हा तू बाजाराला गेला होतास. आल्यावर म्हणालास, झालं ते झालं. मी त्याचं नाव ठेवलं होतं, क्लॅरी. तुला सांगायचं राहूनच गेलं."

क्लॅरीने मान तिच्याकडे वळवली.

"ओवेन," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही. डोळ्यांतलं पाणी तिनेच पुसलं. त्यानंतर ती रोज काही ना काही सांगत गेली.

आज ती चहा आणायला खाली गेल्यावर बेव्हने वही मिटली.

"क्लॅरी, स्पष्टच सांगते. प्रगती थांबलीय. तुम्हाला ॲडलेडच्या केंद्रात पाठवावं म्हणते. सहा आठवडे लागतील. मर्लला तिथे राहता येणार नाही, पण इलाज नाही."

क्लॅरीने दाराकडे पाहिलं. मर्लची पावलं जिन्यावरून ऐकू येईनाशी होईपर्यंत तो थांबला.

"पाठवू नकोस, पोरी," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "माझी वाचा परत येऊन पाच आठवडे झाले. पण मी तोंड उघडलं की ती गप्प होईल, आणि तिचं अजून निम्मंही सांगून झालेलं नाही."