टँकरचा अनुभव

दुष्काळानं ऊसच उरला नाही, तसा साखर कारखान्याच्या ट्रकवरचा नबी पाण्याच्या टँकरवर आला. दर चार दिवसांनी टँकर वेशीत शिरला की सगळ्यात पुढं घागर त्याच्या शेजारणीची, छबुबाईची, आणि सगळ्यात मोठा आवाजही तिचाच. "नब्या, पाणी आणलंस का नुसता ओला पाइप घिऊन आलास रं?"

ह्या बोलण्यांना कंटाळून नबी एका एजंटाला धरून आखातातल्या ड्रायव्हरच्या नोकरीमागं लागला. पासपोर्ट, जड वाहनाचं लायसन, रक्ताची तपासणी, डोळ्यांची तपासणी, मुंबईला गाडी चालवून दाखवायची परीक्षा. एकेका कागदापायी त्याच्या चपला झिजल्या. शेवटी व्हिसा मिळाला तो टँकरच्याच अनुभवावर. त्याला एसटीत बसवून देताना छबुबाईनं डोळ्याला पदर लावला आणि त्याच दमात विचारलं, "मंग आता टँकर कोण आणणार हाय?"

पंधरवड्यानं छबुबाईला त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडंही त्याच्या हाती पाण्याचाच टँकर दिला होता.

"कोणच्या गावाला देतूस रं पाणी?"

"गावाला न्हाई, मावशी. रस्त्याच्या मधोमध फुलझाडं लावलीत, त्यान्ला. रोज दोन टाइम." त्यानं फोन फिरवून दाखवला. भर वाळवंटात लालभडक फुलं डुलत होती.

छबुबाईनं एकदा त्या फुलांकडं बघितलं, एकदा आपल्या रिकाम्या घागरीकडं.

 

"नब्या, तुझ्या त्या एजंटाला इचार. झाड म्हून यायचं आसंल तर काय काय कागदं लागत्यात?"