मयताच्या नावे वॉरंट

भास्करराव जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी वैजयंताने न्यायालयाच्या संकेतस्थळावर नवऱ्याचंच नाव टाकलं. माणूस गेला तरी त्याच्या स्मृतिप्रतीला अटक करता येईल, असा कायदा परवाच झाला होता. वॉरंटांची यादी उघडली.

'भास्कर धुमाळ. अजामीनपात्र वॉरंट. पुलाच्या मजबुतीचा खोटा दाखला, अकरा बळी. आरोपीचा ठावठिकाणा: राहतं घर.'

तिने कोनाड्यातल्या डबीकडे पाहिलं. भास्कररावांची स्मृतिप्रत, म्हणजे त्यांचा आवाज, त्यांच्या आठवणी, सगळं त्या डबीत होतं. रोजचा सकाळचा चहा ती डबीशी बोलतच घ्यायची.

"अहो, तो दाखला तुम्ही दिला होता का?"

डबी भास्कररावांच्या आवाजात हळूच म्हणाली, "वैजू, आधी दाराला कडी लाव."